गढीच्या दारावर मी

आमच्या गिल्डच्या गढीचं दार मी शत्रूला उघडून दिलं. ऐन लढाईच्या दिवशी, आपली सगळी माणसं बाहेर लढत असताना. त्यात फितुरी नव्हती, लाच नव्हती, चुकून भलतंच बटण दाबलं गेलं असंही नव्हतं. त्यानं दार वाजवलं, मी उघडलं.

गिल्ड म्हणजे काय ते आधी सांगून टाकतो, कारण माझ्या वयाच्या लोकांना विचारायची लाज वाटते आणि तरण्यांना सांगायचा कंटाळा येतो. मोबाइलवर एक खेळ असतो. त्यात प्रत्येकाला एक खोपटं आणि थोडं रान मिळतं. पंधरा-वीस जण एकत्र येऊन एक गढी बांधतात, तिला रोज लाकूड आणि दगड पुरवतात आणि रविवारी संध्याकाळी दुसऱ्या कोणाच्या तरी गढीशी लढतात. या टोळक्याला गिल्ड म्हणायचं. आपलं गणपतीचं मंडळच समजा. फरक इतकाच, की मंडळात काम न करता फोटोत पुढं उभं राहता येतं. इथं येत नाही.

मी या भानगडीत पडलो त्याचं कारण साधं होतं. घरात कोणी नव्हतं.

दिग्रसच्या एका सरकारी कचेरीत माझी सगळी नोकरी गेली. तिथं सकाळपासून टेबलापुढं माणसं उभी. साहेब, माझ्या फाइलीचं काय झालं? साहेब, तेवढी सही. मी कपाटामागं खुर्ची ओढून चहा प्यायचो, म्हणजे कोणाला दिसू नये. 'उद्या या' हे दोन शब्द मी आयुष्यात जितके वापरले तितके स्वतःच्या बायकोचं नावसुद्धा घेतलं नसेल. निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही. उद्या या म्हटलेले सगळे गेले कुठं, कोण जाणे.

त्याच वर्षी बायको मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. जाताना तिनं विचारलं, "राहान न एकटे?"

"म्या काय कुकुलं बाळ हाय?" मी म्हटलं. "तू ये निवांत."

हे 'निवांत' तिनं फारच मनावर घेतलं. नातू रांगायला लागला, चालायला लागला, बालवाडीत जायला लागला, तरी बायको पुण्यातच. मुलगी म्हणते, बाबा, तुम्हीपण या. गेलो होतो मी आठ दिवस. तिथं मला कोणी काही म्हणालं नाही. फक्त मी जिथं बसेन तिथंच नेमके कपडे वाळत घालायचे असत. मी उठायचो, दुसरीकडं बसायचो, मग तिथं बाळाची गाडी लावायची असे. नवव्या दिवशी मी दिग्रसच्या गाडीत बसलो आणि खिडकीजवळची जागा मिळाल्यावर मला फार बरं वाटलं. तिथून कोणी उठवणार नव्हतं.

रोज दुपारी बायकोचा व्हिडिओ कॉल येतो. फोन ती ओट्यावर टेकवते आणि पोळ्या लाटते. मला त्यांच्या स्वयंपाकघरातला पंखा दिसतो. नातू मधूनच एक डोळा किंवा एक नाकपुडी दाखवून पळतो, आणि पुन्हा पंखा. त्या पंख्याच्या कोणत्या पात्यावर किती धूळ आहे ते मला ठाऊक आहे. जावयाला नसेल.

खेळ मोबाइलवर आला तो माझ्या आणखी एका चुकीनं. रेल्वेचं वेळापत्रक बघत होतो, मध्येच एक जाहिरात आली. तिची कोपऱ्यातली ठिपक्याएवढी फुली दाबायला गेलो, माझं बोट जाडं, खेळ उतरला. काढून टाकणार होतो. पण संध्याकाळी फोन वाजला. बघतो तर, 'सेनापती, तुमची सेना तुमची वाट पाहते आहे!'

आता तुम्हीच सांगा, असा निरोप मला त्याआधी कधी आला होता? कचेरीत वाट पाहणारे होते, पण सेनापती कोणी म्हटलं नव्हतं.

खेळायला लागलो आणि लवकरच कळलं, की एकट्यानं यात काही होत नाही. गिल्ड शोधावी लागते. मी पहिली दिसली तिच्यात शिरलो. आतमध्ये बोलायची एक खोली असते. मी लिहिलं, 'नमस्कार मंडळी.' उत्तर नाही. वर सरकवून बघितलं, तर माझ्या आधी कोणीतरी लिहून गेलं होतं, 'कोणी आहे का?' त्याच्याही वर आणखी कोणीतरी, 'हॅलो.' त्या हॅलोवाल्यालाही कोणी उत्तर दिलेलं नव्हतं. आम्ही तिघं वेगवेगळ्या महिन्यांत त्याच बंद दारासमोर येऊन उभे राहून गेलो होतो. एकाच वेळी आलो असतो तर निदान एकमेकांना तरी भेटलो असतो.

दुसऱ्या गिल्डला म्होरक्या होता, पण तो फक्त लाकडं गोळा करायचा. मी काही विचारलं की अंगठा दाखवायचा. जेवलात का? अंगठा. कुठले आपण? अंगठा. असल्या माणसाबरोबर आमच्या कचेरीत मी बारा वर्षं काढली होती, पुन्हा काढायची इच्छा नव्हती.

मग मी स्वतःचीच गिल्ड काढली. संस्थापक मी, म्होरक्या मी, सदस्य मी. रोज सकाळी 'शुभ प्रभात' टाकायचो आणि कोणी बघत नाही असं पाहून स्वतःच त्याला बदाम द्यायचो. एके दिवशी खरोखरच एक जण आत आला. मी इतका हरखलो, की त्याला एकामागून एक विचारत सुटलो. गाव कोणतं, काय करता, घरी कोण कोण असतं, आज भाजी काय. तो पंधरा मिनिटांत निघून गेला. जाताना लिहून गेला, 'सॉरी अंकल.' मी कुठंही माझं वय लिहिलेलं नव्हतं.

मग एक दिवस शोधता शोधता एका गिल्डची पाटी दिसली. बाकीच्या पाट्यांवर इंग्रजीत शूरवीर, अग्नी, गरुड असलं काहीबाही असतं. हिच्यावर लिहिलं होतं, 'रोज यायचं असन तरच या. टाइमपासवाल्यानं दुसरं घर पाहावं. नाही येणार असान तं आधी सांगा, आमी वाट पाह्यतो.'

मी ती पाटी दोनदा वाचली. एसटी स्टँडवर मागच्या बाकावरून कोणी बोलावं तसं वाटलं. आणि ते शेवटचे दोन शब्द. वाट पाह्यतो.

आत यायला विनंती करायची असते. बाकीचे लोक तिथं 'प्लीज' लिहितात. मला सवय एकाच प्रकारची. मी लिहिलं, 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, प्रस्तुत अर्जदार आपल्या गिल्डचा सदस्य होऊ इच्छितो. अर्जदार पूर्णवेळ मोकळा आहे.' वर विषय लिहायचा राहूनच गेला होता.

उत्तर लगेच आलं. 'काका, कायले एवढं लिवता? या न.'

'काका आहे हे कसं ओळखलं?' मी विचारलं.

'महोदय लिवणारा काका नसन तं कोण असन? अन् म्या महोदय नाही. बाई हाओ.'

ही आमची सरदार. पांढरकवड्याला हायवेवर तिच्या घरचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. नवरा गाड्यांखाली, ही गल्ल्यावर. गिऱ्हाईक नसलं की खेळायची, आणि गिऱ्हाईक असलं तरी एका डोळ्यानं गढीकडं बघायची. आवाजी निरोप पाठवताना मागून ट्रकचे भोंगे, आणि मध्येच, "क्लच प्लेट हाय भाऊ, थांबा दोन मिनिट, उत्तरेकडचा बुरूज पडून राह्यला."

दुसरा लक्षात राहिला तो राजूरचा ट्रकवाला. कोळसा भरायच्या लाइनीत तासन् तास उभा, त्यामुळं आमच्यात सगळ्यात मोठी फौज त्याची. तो मला चाचा म्हणायचा आणि म्हणून झालं की शिवी दिल्यासारखं काहीतरी बोलायचा. "चाचा, तुमची फौज हाय का पेन्शनरची यात्रा? चालतच नाही लेकाची."

लढाईच्या वेळी सगळ्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येतात. माइक बंद करायचं एक बटण असतं म्हणे. माझा सदैव चालू. मी काहीही वाचायच्या आधी म्हणायचो, "एक मिनिट, चष्मा लावतो," आणि अख्खी गिल्ड थांबायची. माझ्या कुकरच्या शिट्ट्या त्यांना पाठ झाल्या होत्या. ऐन धुमश्चक्रीत सरदार ओरडायची, "ट्रक भाऊ, डावीकडून या! काका, तिसरी शिटी झाली, गॅस बंद करा!" खिचडी करपायची थांबली ती तेव्हापासून.

एकदा फोन कपड्यांच्या बादलीत पडला. कोणीतरी सांगितलं होतं म्हणून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झाला तेव्हा बायकोचा एकही कॉल नव्हता, कारण नातवाच्या शाळेत काहीतरी होतं. गिल्डमध्ये मात्र रांग लागली होती.

'काका, आज लाकडं नाही आले तुमचे.'

'काका?'

'काका बरे हायेत न? दिग्रसमधी घर कुठं हाय त्याईचं, मालूम हाय काय कोणाले?'

आणि खाली ट्रकवाला. 'म्या उद्या दारव्ह्याकडून जाऊन राह्यलो. चक्कर मारतो. चाचा मेले असन तं लाकडं कोणाचे?'

मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहिलो. त्याच्या फटीतून तांदळाचे दाणे गळत होते. एवढ्या मोठ्या जगात मी एक दिवस नव्हतो, हे कोणाच्या तरी लक्षात आलं होतं. मी लिहिलं, 'फोन पाण्यात पडला होता. जिवंत आहे.' सरदारनं लिहिलं, 'मंग आधी सांगाचं न.' फोन पाण्यात पडणार हे आधी कसं सांगायचं, ते तिनं सांगितलं नाही.

त्यानंतरचं सांगायला जरा लाज वाटते. दोन-तीन आठवड्यांनी मी एक दिवस मुद्दामच आलो नाही. फोन समोर ठेवून बसलो, आता विचारतील, मग विचारतील. संध्याकाळी ट्रकवाल्याचा निरोप आला. 'चाचानं फोन परत धुतला वाटते.' बस. तेवढंच. मी मुकाट्यानं लाकडं टाकली.

मी रोज येतो, कधी चुकत नाही, म्हणून सरदारनं मला दारावर बसवलं. लढाईत सगळे बाहेर जातात, एकानं आत राहून दार सांभाळायचं असतं. खेळात एक चाल आहे. शत्रू वाटसरूचं सोंग घेऊन दारावर येतो आणि दार वाजवतो. पडद्यावर दोन बटणं येतात. 'आत घ्या' आणि 'परत पाठवा'. लढाईच्या दिवशी कोणीही आलं तरी परत पाठवायचं, हा नियम सरदारनं मला तीन-तीनदा समजावला होता. मी म्हणालो होतो, "बाई, मी सरकारी नोकरीतला माणूस. परत पाठवण्यात माझा हात कोण धरणार?"

तो रविवार कापसाच्या हंगामातला. जिनिंगच्या कारखान्याकडं जाणाऱ्या गाड्यांमुळं सगळ्या रस्त्यावर कापूस सांडलेला, बाभळींना अडकलेला. मी देवाला दिवा लावला आणि पुढचं दार उघडं केलं. आमच्या आईचा नेम होता. दिवेलागणीला दार लावायचं नाही, लक्ष्मी येते. आणि त्या वेळी दारी कोणी आलं तर त्याला परत पाठवायचं नाही, मग तो कोणीही असो. आई गेली, लक्ष्मी काही आली नाही, पण दार मी रोज उघडतो. खुर्ची दाराकडं तोंड करून टाकली आणि फोन घेऊन बसलो. समोरून बाजारातून परतणारी माणसं पिशव्या घेऊन जात होती. एखादा ओळखीचा मान हलवायचा. आत कोणी वळत नव्हतं.

लढाई सुरू झाली. सरदार ओरडत होती, ट्रकवाला शिव्या घालत होता, आम्ही जिंकत होतो. तेवढ्यात दार वाजलं. ठक ठक.

मी वर बघितलं. खऱ्या दाराकडं. तिथं कोणी नव्हतं. पायरीवर कापसाचा एक बोळा वाऱ्यानं इकडून तिकडं होत होता, बस.

मग खाली बघितलं. पडद्यावर एक वाटसरू उभा, खांद्यावर गाठोडं. त्याच्या डोक्यावर लिहिलेलं, 'आत येऊ का?'

मला नियम आठवत होता. अगदी स्वच्छ आठवत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, मोठ्यानं, माइक चालू असताना, "या, या, बसा."

अंगठा त्याआधीच पडला होता.

मग ट्रकवाल्याचा आवाज आला, "चाचा, कोणाले बसवून राह्यले तुमी?"

वाटसरूनं गाठोडं टाकलं आणि त्याच्या मागून सगळी फौज आत आली. किती महिन्यांची लाकडं, दगड, बुरूज, सरदारनं दुकानातून चोरून चोरून उभी केलेली भिंत, सगळं पेटलं. मी आईशप्पथ सांगतो, मी त्या वाटसरूकडंच बघत होतो. तो आत येऊन चौकात उभा होता आणि आजूबाजूला आग लागली होती.

"काका!" सरदार एवढंच म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या मागं ट्रकचा भोंगा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. 'काका, सगळे खवळून राह्यले. काढून टाका म्हणतात तुमाले. पुढच्या रविवारपर्यंत पाह्यते काय कराचं ते. तोवर तुमचं बोलणं बंद ठेवलं.' खाली पाहिलं तर लिहायची जागा राखाडी झालेली. मला सगळ्यांचं वाचता येत होतं, लिहिता येत नव्हतं. एकानं लिहिलं, म्हाताऱ्याला काढा. दुसऱ्यानं लिहिलं, शत्रूचाच माणूस असेल. तिसरा म्हणाला, शत्रूचा असता तर एवढा मूर्ख नसता. त्यातल्या त्यात हा माझ्या बाजूचा.

ट्रकवाल्यानं काहीच लिहिलं नाही. तेच जास्त लागलं.

बायकोचा कॉल आला तेव्हा पंख्याला सगळं सांगितलं. पलीकडून लाटण्याचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "अहो, मग काढून टाका न तो खेळ. अन् आपली भाजी आणली का?"

आणली होती. पण करावीशी वाटेना. तीन-चार दिवस कुकर लावलाच नाही. तिसरी शिट्टी कोणाला ऐकवायची? संध्याकाळी दार उघडून बसायचो आणि फोनवर माझ्याबद्दल काय चाललंय ते वाचायचो. स्वतःच्या मयतीला जाऊन मागच्या रांगेत बसावं तसं. फरक एवढाच, की मयतीला लोक चांगलं बोलतात.

शुक्रवारी सकाळी एसटीत बसलो. यवतमाळला गाडी बदलून पांढरकवडा. लिहिता येत नव्हतं, तर जाऊन बोलावं. रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून शेवेचा एक मोठा पुडा घेतला होता. जोडमोह्याच्या घाटापर्यंत मी मनातल्या मनात भाषण जुळवत होतो. मोहदा येईस्तोवर पुड्यातली मूठभर शेव कमी झाली होती.

हायवेवरचं दुकान सापडायला वेळ लागला नाही. गल्ल्यावर तिशी-पस्तिशीची बाई, एका हातात फोन, दुसऱ्या हातात कसलीशी रबरी रिंग. बाजूला सतरंजीवर तिची सासू तुरीच्या ओल्या शेंगांचा ढीग घेऊन सोले काढत बसली होती. मी दारातच थबकलो. जुळवलेलं भाषण गेलं कुठल्या कुठं.

"काय पाह्यजे?" सरदारनं वर न बघता विचारलं.

"चेनला टाकायचं ऑइल," मी म्हटलं. माझ्याकडं सायकलसुद्धा नाही.

तिनं डबी काढून पुढं ठेवली. "याच्यावर किंमत लिवली हाय, पाहून घ्या."

मी डबी उचलली, डोळ्यांपासून लांब धरली आणि म्हटलं, "एक मिनिट, चष्मा लावतो."

तिचा हात थांबला. तिनं हळूच मान वर केली. "काका?"

मी शेवेचा पुडा ऑइलच्या डबीशेजारी ठेवला. म्हटलं, "थोडी कमी आहे. वाटेत सांडली."

"पाह्य व माय," ती सासूला म्हणाली, "आपले काका आले. दिग्रसवाले."

सासूनं मला नीट न्याहाळलं. "ते शिटीवाले?"

"हो, तेच."

"बसा मंग," सासू म्हणाली आणि शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडं सरकवला. "रिकामे कायले बसता."

मी सतरंजीवर बसलो आणि शेंगा सोलायला लागलो. सरदारनं चहा सांगितला आणि ट्रकवाल्याला आवाजी निरोप पाठवला, "भाऊ, काका दुकानात आले हायेत." उत्तर आलं ते तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं लावलं. "बसवा त्याईले, बसवा. त्याईनं सगळ्या दुनियेले बसवलं." मागून कोळशाच्या लाइनीतल्या लोकांचं हसू. मलाही हसू आलं. त्याचा आवाज ऐकून पाच दिवस झाले होते.

चहा आला. सरदार गल्ल्यावरून उतरून समोर येऊन बसली. "काका, आता खरं सांगा. नियम मालूम होता न तुमाले?"

"होता."

"मंग दार काहून उघडलं?"

आता जोडमोह्यापर्यंत जुळवलेलं भाषण परत आलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. आई कशी रोज दिवा लावून दार उघडायची. दिवेलागणीला दारी आलेल्याला परत पाठवू नये, हा आमच्या घरचा नेम कसा. लढाई नेमकी दिवेलागणीला, दार वाजलं नेमकं दिवेलागणीला. माझा हात बटणाकडं गेला तो माझा नव्हताच, आईचा होता, इथपर्यंत मी जाऊन पोचलो. शेवटी शेवटी माझाच आवाज जरासा भरून आला. निरोप समारंभातसुद्धा मी इतकं चांगलं बोललो नव्हतो.

सरदारच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पदरानं टिपलं. "हे तं म्या माहेरीही पाह्यलं हाय," ती म्हणाली. "आमच्या घरीही दिवेलागणीले दार नाही लावत." मग तिनं फोन उचलला. "म्या सगळ्याईले सांगते. काका कुठं नाही जात. रविवारपासून परत दारावर बसा."

मी शेंग फोडली. दाणे ओंजळीत पडले. फार बरं वाटलं.

सासूनं माझ्यापुढची सालं गोळा केली, त्यांत राहून गेलेले दोन दाणे वेचून काढले आणि सुनेकडं बघत, मी तिथं नाहीच अशा सुरात म्हणाली, "येडी काय वं तू? दिवेलागण म्हणे. एवढ्या दिवसांत याच्या घरून कुकराच्या शिटीबिगर दुसरा आवाज नाही आयकला म्या. ज्याच्या दारी काळं कुत्रं फिरकत नाही, तो जो वाजवन त्याले आत घेईनच. राहू दे याले गिल्डात, पण दारावर नको बसवजो."